माडीवरची न्हाणी

पेडण्याच्या बाजाराजवळच्या आमच्या घराला माडी होती, पण न्हाणी मागच्या अंगणात. सासूबाई माडीवर झोपायच्या. "खाली झोपा," असं कितीदा सांगितलं, पण खालची खोली भाताच्या पोत्यांनी भरलेली, आणि त्यांचं एकच म्हणणं, "वर वारो लागता." गुडघे धरल्यापासून जिना उतरायला त्यांना माझा खांदा लागायचा. मी तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायचे. सकाळची बस गाठण्याआधी त्यांना खाली आणायचं, न्हाऊ घालायचं, परत वर न्यायचं. मी बोलून काही दाखवत नसे, पण तांब्या पाणी तापवायच्या भाणावर जरा जोरातच आपटायचा. त्यांना कळत असावं.

पणजीला माझ्या मावसबहिणीचं नवं घर पाहून आले आणि मनाने घेतलं, आपल्याही माडीवर न्हाणी करायची. निळ्या लाद्यांची.

आमचा मेस्त, म्हणजे सुतार, सावंतवाडीकडचा, म्हातारा. त्याने माडीवर येऊन फळ्यांवर टाच आपटून पाहिली.

"बाय, लाकूड हलता. पावसात फुगता, उन्हात आकसता. लादयेक ता जमणा नाय. फळये काढून नवे तुळये घालूया, वर सिमेंटाची स्लॅब टाकूया, मगे लादये."

नवरा म्हणाला, "मेस्त सांगतो तसंच करू."

पण तो कोकणी-मराठी भाषेच्या आंदोलनाचा काळ. आज इथे रस्ता अडवलेला, उद्या तिथे झाड आडवं टाकलेलं. तुळयांचं लाकूड येतं येतं म्हणत आलंच नाही. गवंडी बेळगावकडचा, गडबड वाढली तसा तोही गावी जायच्या गोष्टी करू लागला. तो गेला तर पावसाळा संपेपर्यंत परतणार नव्हता. म्हणजे आणखी सहा महिने तो जिना आणि तो खांदा.

"फळ्यांवरच घाला," मी म्हटलं.

"अक्का, फळीवर सिमेंटचा माल धरत नाही बघा."

"काहीतरी करा. घाला."

त्याने डांबरी कागद अंथरला, त्यावर जाळी ठोकली, वर सिमेंट आणि लाद्या. चार दिवसांत न्हाणी उभी राहिली. पहिल्या दिवशी सासूबाई लादीवरून हात फिरवत बसल्या. "गुळगुळीत आसा गो," म्हणाल्या. त्या दिवशी मला बस धावत गाठावी लागली नाही.

पावसाळा लागला आणि सांध्यांतून केसासारख्या रेघा उमटल्या. मी पांढरं सिमेंट आणून बोटाने भरलं. महिन्याभरात रेघा परत आल्या. पाणी जायच्या मोरीजवळच्या एका लादीवर पाय पडला की टक् असा आवाज यायचा.

"ती लादी हालता गो," सासूबाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या, तीनदा म्हणाल्या.

"तुमच्या पायांनाच कंप आहे," मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी गोवा राज्य झालं, त्याच पावसात एका दुपारी कारखान्याच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. घरी पोचले तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना वर काढून चटईवर निजवलं होतं. मोरीजवळची फळी मोडून त्यांचा पाय मांडीपर्यंत खाली गेला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, नातेवाइकांनी विचारलं. प्रत्येकाला त्यांचं एकच उत्तर, "पाय सरकलो." मी बाजूलाच उभी असायचे. वाटायचं, एकदा तरी खरं सांगतील. सांगितलं नाही.

घरी आणल्यावर वर नेणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने पोती हलवली आणि खालच्या खोलीत खाट घातली. उशी ठीक करताना माझी नजर वर गेली. छताच्या मोडलेल्या फळीभोवती सुपाएवढा काळपट डाग होता, कडेला पांढरी बुरशी. तो काही आठवड्याभरातला नव्हता. त्या खोलीत आम्ही रोज ये-जा करत होतो, पण मान वर करून कोणीच पाहिलं नव्हतं. सासूबाईंना उताणंच झोपावं लागायचं. पुढचे आठ महिने त्यांनी त्या डागाखाली काढले.

एकदा त्यांचं अंग पुसताना मी म्हटलं, "आई, त्या लादीचं तुम्ही सांगितलं होतं..."

"पाणी थंड जाला," त्या म्हणाल्या. "आधी अंग पूस."

मी पुसलं. शिमगा झाल्यावर त्या गेल्या.

बाराव्यानंतर सुताराला बोलावलं. त्याने लाद्या उचलल्या, त्या सिमेंटासकट पापुद्र्यासारख्या निघाल्या. डांबरी कागदाखाली पाणी साचून राहिलं होतं. त्याने तुळईला पटाशी लावली, जोर न करता ती अर्धी आत गेली. माझ्याकडे न बघता तो ओला भुसा बोटांनी उकरत राहिला.

"मेस्ताने सांगितलं होतं," नवरा म्हणाला.

एवढंच. त्यानंतर इतक्या वर्षांत, भांडणातसुद्धा, त्याने ते कधी काढलं नाही. काढलं असतं तर निदान मला उत्तर तरी द्यावं लागलं असतं.