वाढीचा पहिला टप्पा

भाच्याच्या कंपनीने मला शाल दिली. कंपनी म्हणजे स्मृति नगरमधल्या एका घराचा वरचा मजला आणि लोकांची शुगर, बीपी साठवणारं एक मोबाईल ॲप. पैसे लावू शकणारे दोन पाहुणे रायपूरहून आले होते. कंपनी कशी वाढणार, हे भाचा त्यांना पडद्यावर दाखवत होता.

चौथ्या चित्रात मी होतो. खाली लिहिलं होतं, ‘विश्वासू माणूस’. मी आजवर स्वतःला निवृत्त शिक्षक समजत होतो. इथे मी वाढीचा पहिला टप्पा निघालो. वस्तीत ज्याचं ऐकतात त्याला गाठायचं, की मागून अख्खी गल्ली येते. कंपनीच्या फुकट तपासणी शिबिराला माझ्यामागून खुर्सीपारची आमची गल्ली आली होती.

दुसऱ्या टप्प्यात फोटो नव्हता. नुसतंच, ‘ग्राहक : ठेकेदार’. कामगारांचे रिपोर्ट त्यांना विकायचे.

मी उभा राहिलो. “रिपोर्ट ज्याच्या त्याच्या फोनवर राहतो म्हणाला होतास.”

“राहतोच ना, मामा. त्याच्या फोनवर पण राहतो.”

पाहुणे हसले. माझ्या शेजारी एका ठेकेदाराकडचा वेल्डर राहतो. काम उंचावरचं. शुगर आहे हे कळलं तर वर चढू देणार नाहीत, म्हणून तो दुर्गहून गुपचूप गोळ्या आणायचा. शिबिरात डॉक्टरचा सल्ला फुकट मिळेल, असं मी म्हटलं म्हणून तो आला होता.

“आमच्या शेजारच्या वेल्डरचं नाव यादीतून काढ.”

“यादी ठेकेदारांना सकाळीच गेली, मामा. नमुना म्हणून.”

घरी आलो तेव्हा वेल्डर त्याच्या दारात बसून बूट काढत होता. कारखान्यातली त्याची दुसरी पाळी नुकतीच सुरू झाली होती.

“गेटवरूनच वापस पाठोलं, काकाजी. अनफिट म्हने. मी तं कोनाले सांगतलंच नवतं. कसं समजलं त्यायले, काई कळून नाई राह्यलं.”

मी सगळं सांगितलं. यादीचं, ठेकेदाराचं, फोटोचंही. त्याने बूट नीट भिंतीला लावून ठेवले.

“तुमचा रिपोर्ट कोनाले गेला मंग?” त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती.

शिबिराच्या दिवशी मी लोकांची रांग लावत होतो. रक्त तपासायला स्वतःचं बोट पुढे केलंच नव्हतं. तेही मला त्याला सांगावं लागलं.