दौलतनं न उकललेला टायर

साल २०२५, आणि दौलत मिस्त्री त्र्याहत्तर वर्षांचा होता. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. सोयाबीन निघून गेलं होतं, कापसाचा पहिला वेचा घरात आला होता, आणि मी सकाळीच फाट्यावर निघालो होतो ते त्याच्याशी भांडायला. माझी सायकल तीन दिवसांपासून त्याच्या दुकानात पडून होती. मागचं चाक डोलते म्हणून चौथ्यांदा टाकलेली. पायी जावं लागलं म्हणून राग अजून चढला होता. जाऊन पाहतो तर दुकानाचं टिनाचं दार बंद. समोरच्या कॅन्टीनवाल्या बबननं गिलास विसळता विसळता सांगितलं, "काका, मिस्त्री पहाटंच गेले." मी म्हणालो, "कुठं गेला? महागावले?" बबननं गिलास खाली ठेवला आणि त्या बंद दाराकडं पाहून हात जोडले. मग मला समजलं... आणि समजल्यावर मी काय विचारावं? "मंग माह्या सायकलीचं काय?" असं माझ्या तोंडून निघालं. काहून निघालं, ते मला आजही सांगता येत नाही.

आम्ही तिसरीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढं मी वावरात गेलो आणि तो उमरखेडला एका उस्तादाच्या हाताखाली सायकलीचं काम शिकायला. परत आला तो दोन गोष्टी शिकून. एक म्हणजे डोलणारं चाक कसं पाहायचं. सायकल साखळीनं आढ्याला टांगायची, चाकाला हात मारायचा आणि पिवळा खडू चाकाजवळ स्थिर धरायचा. जिथं चाक बाहेर येईल तिथं खडू आपोआप लागतो. तो म्हणायचा, "पयले रिम पाहाव, मंग टायर पाहाव. लोक डोलणारा टायर पाह्यतात अन् रिमले दोष देतात." रिम वाकडी असली तर चाकाच्या तारा कसून तो आऊट, म्हणजे चाकाचा डोल, काढायचा. दुसरी गोष्ट त्याच्या उस्तादाची होती. दुसऱ्या मिस्त्रीनं बसवलेलं काम त्याला विचारल्याशिवाय उकलायचं नाही. विचारलं नाही तर त्याच्या हाताचा अपमान होतो, असं उस्तादानं त्याच्या डोक्यात भरलं होतं. एकदा शाळेच्या मास्तराचा नुसता पॅडल बदलायचा होता, तर यानं त्यांना महागावच्या मिस्त्रीकडं परत पाठवलं, परवानगी आणायला! मास्तर तणतणत गेले, पण आणली. आम्ही हसायचो. मी तर सगळ्यात जास्त.

या पावसाळ्यात तो पंधरा दिवस लेकीकडं राजूरला गेलता. माझा मागचा टायर झिजून दोरे दिसायला लागले होते. उमरखेडहून नवा आणला आणि अंगणात बसून स्वतःच चढवला, एक पेचकस आणि एक चमचा घेऊन. बायको म्हणाली, "मिस्त्री येऊ द्या की." मी म्हणालो, "टायर चढवायले मिस्त्री कायले लागते? आयुष्यभर नांगर, वखर, पंप सगळं म्याच दुरुस्त केलं." दुसऱ्या दिवशी बसलो तर प्रत्येक फेऱ्याला बूड उचललं जाऊन राह्यलं, आणि मागून पाहणाऱ्याला मी दारू पिऊन चाललो असं वाटावं.

दौलत परत आल्यावर सायकल त्याच्याकडं नेली. त्यानं टांगली, फिरवली, खडू धरला. म्हणाला, "रिम तं सरळ आहे किसन. टायर कोणं चढवला?" 

मी म्हणालो, "उमरखेडच्या मिस्त्रीनं."

एवढंच. साठ वर्षं ज्याच्या कामाला मी काय मोठं काम म्हणून हसलो, त्याच्यासमोर चमच्याची गोष्ट कशी सांगणार होतो? त्यानं चाक आणखी एकदा फिरवलं. मग म्हणाला, "मंग त्याले विचारून ये बाप्पा, दौलत उकलू का म्हणते म्हणून." मी म्हणालो, "काही नाही विचारत. आऊट आहे, तू आऊट काढ." त्यानं माझ्या म्हणण्यावर तारा कसल्या. चाक डोलतच राहिलं. आठ दिवसांनी पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं, तोच खरोखर चिडायला लागलो. खोटं दोन-तीनदा बोललं की आपल्यालाच खरं वाटते की काय, कोण जाणे. कॅन्टीनवर चार माणसांत म्हणालो, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दौलतले चाक दिसत नाही. डोळे गेले त्याचे." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात दोघा-तिघांनी आपल्या सायकली दुसरीकडं नेल्या. बबन म्हणाला, "काका, मिस्त्रीच्या कानावर गेलं बरं." मी म्हणालो, "जाऊ दे." चौथ्यांदा सायकल टाकली तेव्हा दौलत एवढंच बोलला, "ठेव. सावकाश पाह्यतो." तेच शेवटचं.

तेरवी झाल्यावर सुभद्रा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, निरोप धाडला की सायकल घेऊन जा. संध्याकाळी गेलो. वहिनींनी दुकानाचं दार उघडलं. सायकल अजून टांगलेलीच होती. रिमवर खडूचा एक डाग नव्हता. पण टायरवर, वालजवळ, म्हणजे हवा भरतात तिथं, बोटभर लांब पिवळी रेघ होती. आणि खाली एका फडक्यावर टायर काढायच्या दोन पट्ट्या पुसून शेजारी शेजारी मांडल्या होत्या.

मी विचारलं, "वहिनी, हे त्यानं कधी मांडलं?"

"सायकल आली त्याच दिवशी. रोज म्हणत, किसन आला की विचारतो, उकलू का म्हणून." मग त्या खाली पाहत म्हणाल्या, "अन् भाऊजी, महिनाभर हे रोज सकाळी माह्या सुईत दोरा ओवून पाहत. एका झटक्यात ओवत. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ओवत. काहून ते सांगत नव्हते. तुमाले काही माईत आहे काय?"

मी मान हलवली. हो की नाही, ते वहिनींनाही कळलं नसेल.

तेव्हापासून माझ्या डोक्यात चाक फिरून राह्यलं. रेघ टायरवर होती, म्हणजे दोष कुठं आहे हे त्याला दिसलं होतं. दिसलं होतं तर सुई-दोरा कायले? आणि 'किसन आला की विचारतो' म्हणजे काय? त्या उमरखेडच्या मिस्त्रीची परवानगी तो माझ्यामार्फत मागणार होता, की टायर मीच चढवला हे ओळखून मला, चढवणाऱ्याला, विचारणार होता? ओळखलं असेल तर एक शिवी देऊन मोकळा का झाला नाही? तेवढा हक्क होता त्याचा. नसेल ओळखलं, तर जगात नसलेल्या एका मिस्त्रीचा मान राखत तो माणूस स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत गेला... यातलं कोणतं बरं, तेही मला ठरवता येत नाही. सायकल तिथंच टांगलेली ठेवून मी घरी आलो. घरी उकलायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडून दार उघडून घेतलं आणि बबनला हाक मारली, "ज्यांच्यासमोर मी बोललो त्यांना बोलाव." चौघं आले, हातात चहाचे गिलास घेऊन. मी म्हणालो, "हा टायर म्या चढवला होता. उमरखेडचा मिस्त्री-बिस्त्री कोणी नव्हता. दौलतचे डोळे साबूत होते." एक जण म्हणाला, "काका, मंग इतके दिवस बोलले काहून नाही?" मी चाकाकडं वळलो. हवा सोडली. त्याच्या पट्टीनं रेघेजवळची टायरची कड उचलली, तर वालपाशी ट्यूब कडेखाली दबलेली. वाल आत ढकलला, कड बसवली, हवा भरली. पाच मिनिटंही लागली नाहीत. चाकाला हात मारला. पिवळी रेघ गोल गोल फिरली, कुठंही न डोलता. दारातून वहिनी पाहत होत्या. त्या वळून घराकडं गेल्या.

पट्ट्या पुसून फडक्यावर होत्या तशा ठेवल्या आणि सायकलवर बसून वावराकडं निघालो. बुडाखाली धक्का लागत नव्हता. चार महिन्यांची धक्क्यांची सवय... नाल्यापर्यंत दोनदा खाली उतरून मी मागं पाहिलं, हवा तर गेली नाही म्हणून.