चाकाजवळच्या चपला

शेणव्याच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीचा चेहरा मला नीट आठवत नाही, पाय आठवतात. माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनच्या खालच्या शाफ्टच्या जॉइंटना ग्रीस भरायचं असलं की तो चपला चाकाजवळ काढतो, पाठीवर गाडीखाली सरकतो आणि पुढचं सगळं तिथूनच बोलतो. शाफ्ट चाकांबरोबर फिरतो, म्हणून ग्रीसचं भोक वरच्या बाजूला गेलेलं असलं, तर ते खाली यायला गाडी थोडी हलवावी लागते.

पहिल्यांदा तो खालून म्हणाला, “थोडी पुढं घे.”

“मिस्त्री, आधी बाहेर या.”

“परत परत कोण शिरंल? मी चाकांच्या मधी हाय रे. सरळ घे, काय होत नाय.”

मी हळूच क्लच सोडला. चाकाखाली काहीतरी मऊ दबलं. ब्रेक मारून इंजिन बंद केलं. उतरून खाली वाकलो.

“मिस्त्री?”

“थांब की. आत्ता गावलं भोक.”

चाकाखाली त्याची डावी चप्पल होती.

तेव्हापासून त्याच्या चपला मी आधी उचलून शेजारच्या सीटवर ठेवतो. तो मात्र अजूनही बाहेर येत नाही.