नात्याचा रकाना

परंड्यात तहसीलसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, वारसाच्या नोंदी, दाखल्यांचे अर्ज, सगळं मी भरून देतो. गेल्या बावीस वर्षांत माझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो. आता ऐकवत नाही.

आमच्या गल्लीत जमिलाबी राहते. आम्ही तिला चाची म्हणतो. ती घरोघर जाऊन बांगड्या भरायची. पोरीचा पंजा एकदा दाबून बघितला की माप कळायचं, आणि बांगडी चढताना कुणी कळवळलं की म्हणायची, "आत्ताच रडतीस व्हय? सासरला जाऊन काय करशील मग?" जिभेला हाड नव्हतं बाईच्या. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा साजिद, त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. उन्हाळ्यात जळलेल्या मोटारी घेऊन शेतकरी त्याच्या दारात बसून असायचे.

साजिद जन्मल्यावर पंधरा दिवसांनी शेजारच्या मेहरुनला मुलगी झाली, सबिहा. मेहरुनला बाळंतपणात ताप भरला आणि दीड महिन्यात ती गेली. चाचीनं सबिहाला उचलून आणलं आणि साजिदबरोबर अंगावर पाजलं, चांगलं दोन वर्षं. मुसलमानांत हे नातं पक्कं. एका बाईचं दूध प्यालेली लेकरं बहीणभाऊ होतात, त्यांचं लग्नसुद्धा लागत नाही. सबिहा वयात आल्यावर कुर्डुवाडीच्या एका पाहुण्यानं, 'घरातलाच पोरगा आहे की,' असं भोळेपणानं सुचवलं. चाचीनं त्याला चहासुद्धा पाजला नाही. सबिहा पुढं ढोकीला दिली, पण तिचं माहेर म्हणजे चाचीचंच घर.

साजिदच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. आठवड्यातून दोनदा बार्शीला डायलिसिस. जाताना एसटीत बसून, येताना बायकोच्या खांद्यावर मान टाकून. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची तरी किडनी मिळाली तर माणूस उभा राहील. चाचीला शुगर. बायको रुकसाना तयार झाली, तर तपासणीत तिच्याच किडनीत दोष निघाला. आता तिसरं कोण?

सबिहा ढोकीहून आली. "माझी घ्या," म्हणाली, "इचारताय काय?" तिचा नवरा कारखान्यात फिटर. अबोल माणूस. त्यानं संमतीपत्रावर सही केली आणि एवढंच म्हणाला, "भाई हय उसका. मैं कौन रोकनेवाला?" तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. चाचीनं त्या दिवशी गल्लीत शिरखुर्मा वाटला. ईद नव्हती तरी वाटला.

पुण्याच्या हॉस्पिटलचे कागद भरायला अर्थातच माझ्याकडे आले. त्यात एक रकाना होता, दात्याचं रुग्णाशी नातं. मी लिहिलं, बहीण. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय? तीस वर्षं डोळ्यासमोर बघत होतो.

किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मुलाखत होती, कॅमेरा लावून. चाचीला विचारलं, लेकरं किती? ती म्हणाली, दोन. सबिहाच्या आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव मेहरुन. मग ही तुमच्या पोटची आहे का? "पोटची न्हाय, पर दूध माझं प्यालीय." समितीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. खोटं नातं दाखवलं, असा शेरा पडला. बहीण नसेल तर परकी दाता म्हणून नवा अर्ज करा, वरची समिती ठरवेल. त्यांना मी दोष देत नाही. किडन्यांचा बाजार भरतो, गरिबाच्या पोटावर टाके पडतात, त्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायलाच पाहिजे. दोष माझा. दुधाची बहीण, एवढे दोनच शब्द लिहायचे होते.

नवीन कागद जमवण्यात चार महिने गेले. साजिदचं वजन उतरलं, चेहरा काळवंडला. आणि मी घाबरलो. घाबरलेल्या शहाण्याइतका घातकी कोणी नाही. चाचीला बसवून सांगितलं, "चाची, ह्या वेळेला दुधाचं काढूच नका. सरळ म्हणा, ही माझी कुणी न्हाय, शेजारची हाय. परत लेक म्हणालात तर सगळं बुडंल."

चाची भडकली. "रेवन, तू तुझ्या आईला कोन न्हाय म्हनशील का?"

"साजिदसाठी म्हणा."

वरच्या समितीसमोर तिनं तसंच म्हटलं. सबिहा शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना, तिच्याकडं न बघता म्हटलं, "ही माझी कोन न्हाय." समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "कुणी नाही, तर मग ही किडनी का देतेय? काय ठरलंय तुमचं?" चाचीकडं जे उत्तर होतं ते मी बोलू दिलं नव्हतं. शेवटी रडत रडत तिनं दुधाची हकीकत सांगितली. पण आधी बहीण, मग शेजारीण, आता हे. तिसऱ्यांदा कोण विश्वास ठेवणार? अर्ज नामंजूर झाला.

येताना गाडीत चाचीनं सबिहाचा हात धरला. सबिहानं सोडवून घेतला नाही, पण टेंभुर्णीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. आईला तसं बोलायला मी लावलं, हे तिला मी सांगायला हवं होतं. मी पुढच्या सीटवर झोपेचं सोंग घेऊन बसलो. घरी आल्यावर अपील टाइप केलं, या वेळी सगळं खरं लिहून, एकेक तारीख घालून. त्याचं उत्तर यायच्या आधी, फेब्रुवारीत, साजिद गेला.

दुपारच्या नमाजनंतर जनाजा उचलायचा होता. मी अंगणात उभा होतो. शेवटचं तोंड बघायला घरातल्या बायकांना आत बोलावलं. मयतीला अंघोळ घालणारे जलीलचाचा दारातून म्हणाले, "गैर औरतां जरा बाजू हो जाओ." शेजारच्या चारसहा बायका, परक्या म्हणून, मागं सरकल्या. त्यांच्याबरोबर सबिहाही सरकली. पदर डोळ्यांपर्यंत ओढून भिंतीला लागून उभी राहिली.

जलीलचाचा तिच्यावर खेकसले, "तू किदर चली? बहन हय ना उसकी? चल अंदर."

ती जागची हलेना. मग आतून चाचीच उठून आली. भिंतीला धरत, सगळ्यांच्या देखत सबिहासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात जोडले. सबिहानं ते हात धरून खाली ओढले. दोघी आत गेल्या, आणि सबिहाचा हंबरडा मला अंगणात ऐकू आला. सख्ख्या बहिणीचाच होता तो.