चालत्या मशीनशी झटायचं नाही

“स्कोअर शंभर आणि एफर्ट शून्य? मग हा गेम खेळतंय कोण?” आमच्या मोठ्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

माझे पेशंट तावडेकाका; त्यांचा तो शंभरचा स्कोअर मी पंधरा दिवस मिरवत होते. घरी सासूबाईंनाही सांगून झालं होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मुलुंडच्या सेंटरमध्ये स्ट्रोकनंतर लुळे पडलेले हात पुन्हा कामाला लावते. यात हात बिघडलेला नसतो; मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचत नसतो. तो रस्ता परत तयार व्हायला पेशंटनेच पुन्हापुन्हा जोर लावावा लागतो. त्यासाठी रोबोट. हात त्यात बांधायचा आणि स्क्रीनवरचे आंबे टोपलीत न्यायचे. पेशंट कमी पडला की उरलेलं रोबोट ढकलतो. म्हणजे काकांचे सगळे आंबे रोबोटनेच उतरवले होते. आणि एफर्टचा ग्राफ उघडून बघावा, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही सुचलं नव्हतं.

“शुक्रवारपर्यंत ग्राफ हलला नाही तर स्लॉट दुसऱ्याला. वेटिंग आहे,” मॅडम म्हणाल्या.

तावडेकाकू दारातच थबकल्या. “असं नका हो करू. डाव्या हाताने जेवावं लागतं म्हणून हे मुलीच्या घरीसुद्धा जात नाहीत.”

शुक्रवारी मी सरळ विचारलं, “काका, तुम्ही जोर का लावत नाही?”

“जोर?” काका चक्रावले. “मशीन चालू असताना?”

“हो मग!”

“मॅडम, मिलमध्ये वीस वर्षं कापड विणायचे साचे चालवले मी. चालत्या साच्याशी झटायचं नाही. माझ्या शेजारच्याची दोन बोटं गेली. म्हणून मी आपला हात सैल सोडून बसतो.”

“अगं बाई! पंधरा दिवस नुसते बसून होता?” काकू ओरडल्या.

“गप रव गो! ह्येंनीच सांगल्यानी पयल्या दिवशी, रिलॅक्स करा, मशीन सगळा करतला!”

खरं होतं. मीच सांगितलं होतं.

“बरं काका, सूत तुटलं की काय करायचात?”

“साचा बंद. मग हाताने गाठ.”

मी रोबोटची मदत शून्यावर आणली. “सूत तुटलंय. साचा बंद केलाय.”

काका हाताकडे बघत राहिले. मिनिटभर काहीच नाही. मग दंड थरथरला आणि आंबा दोन बोटं सरकला. थांबला. परत सरकला. मोटर गप्प होती; त्या खोलीत हलत होता तो फक्त काकांचा हात. पंधरा दिवस सपाट पडलेल्या एफर्टच्या निळ्या रेषेला बारीकसा उंचवटा आला. डोक्यातून निघालेला हुकूम वाट शोधत मनगटापर्यंत पोचला होता. काकूंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

आंबा टोपलीत पडलाच नाही. स्कोअर शून्य. मोठ्या मॅडमनी ग्राफ पाहिला आणि स्लॉट वाढवला.

तीन महिन्यांनी काका मुलीकडे जेवून आले. निम्मी आमटी शर्टावर, पण उजव्या हाताने.

आता नवा पेशंट आला की मशीन दाखवण्याआधी मी विचारते, तुम्ही काम काय करत होतात? रोबोटचं मॅन्युअल दोनशे पानांचं आहे. हा प्रश्न त्यात नाही.