माझ्या गाडीवरचा ओरिजिनल बॅज

मेहुण्यानं आपल्याला सरप्राइज देऊ नये, असा कायदा मिशिगन राज्यात नाही. तो असायला हवा होता.

नव्वदच्या दशकात आम्ही ट्रॉयला राहायचो. डेट्रॉइटच्या इतक्या जवळ राहून साधी गाडी चालवणं मला त्या गावाचा अपमान वाटे, म्हणून मी साठच्या दशकातली, दणदणीत इंजिनाची एक लाल मसल कार घेतली. (माझी बायको सुनंदा तिला ‘गॅस पिणारी म्हैस’ म्हणायची; गॅस म्हणजे तिकडचं पेट्रोल. कौतुक म्हणजे काय हे या घरात कुणाला माहीतच नव्हतं.)

हूडच्या, म्हणजे बॉनेटच्या, टोकावर कंपनीचा एक चकचकीत बॅज होता. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाच्या आधी माझं व्याख्यान ऐकावं लागे. ओरिजिनल बॅज धातूचा असतो, त्याच्या पाठीला पिना असतात आणि त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. नकली बॅज मात्र टेपनं चिकटवलेला असतो. एकदा कुलकर्णी काकूंनी विचारलं की तुमचा कुठला? म्हटलं, ओरिजिनलच. खात्री कशी केली, असंही त्यांनी विचारलं. आता, ओरिजिनल बॅज उचकटून बघणं हे पाप आहे, हे काकूंना कोण समजावणार!

तर सुनंदाचा भाऊ मिलिंद जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाहून सुट्टीला आमच्याकडे आला. शनिवारी मी केस कापायला गेलो, तेवढ्यात या गृहस्थानं सुनंदाच्या हेअर ड्रायरनं माझा बॅज शेकून काढला आणि तिकडच्या एका भंगारवाल्याकडून आणलेला, खड्डे पडलेला, काळवंडलेला बॅज तिथे बसवला. वर ड्राइव्हवेत हसत उभा!

मी हूड उघडून खालून पाहिलं. पिना आरपार आलेल्या.

“मिलिंद, तू माझ्या गाडीला भोकं पाडलीस?”

“नाही भाऊजी, भोकं आधीचीच आहेत. जुना बॅज त्यांच्यावर टेपनं चिकटवलेला होता.”

या उत्तरात सगळं काही होतं. मला फक्त ‘भोकं’ ऐकू आलं.

मग मी बोलायला लागलो. वारसा, इतिहास, परक्याच्या वस्तूला हात लावण्याचे संस्कार, सगळं त्याला ऐकवलं. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं लॉन कापायचं थांबवलं. माझ्या बॅजच्या पाठीवर टेप होती हे मलाही दिसत होतं, पण मूळ पिना झिजल्या असणार आणि आधीच्या मालकानं काळजीपोटी टेप लावली असणार, असा खुलासा मी स्वतःच केला. मिलिंदचा बॅज काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि माझा ‘ओरिजिनल’ नव्या टेपनं पुन्हा चिकटवला.

मिलिंद त्या दिवशी नीट जेवला नाही. सुनंदानं तो बॅज डब्यातून काढून धुतला आणि तारेनं आपल्या मिनिव्हॅनच्या पुढच्या जाळीला बांधला. “माझ्या भावानं प्रेमानं आणलंय,” एवढंच म्हणाली. मिनिव्हॅनवर मसल कारचा बॅज!

रविवारी मॉलच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मी गाडी पुसून, ताठ उभा. परीक्षक बाईंनी हूडच्या टोकावर नखानं टक्टक् केलं. आवाज प्लॅस्टिकचा आला. इतकी छान गाडी आणि तोंडावर हे खेळणं का लावलंत, असं त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं. मी वारशाचा मुद्दा काढणार, एवढ्यात सुनंदा आणि मिलिंद डबा घेऊन पोचले आणि शेजारच्या रिकाम्या जागेत मिनिव्हॅन लावली.

बाईंचं माझ्यावरचं लक्षच उडालं. त्या मिनिव्हॅनपुढे चक्क गुडघ्यांवर बसल्या, खिशातला छोटा आरसा बॅजच्या मागे धरला आणि इतरांना हाका मारू लागल्या. खऱ्या ओतीव पिना! इतका अस्सल बॅज त्यांनी फार दिवसांत पाहिला नव्हता म्हणे. पाचदहा लोक जमले. मिलिंद त्यांना भंगारवाल्याची गोष्ट सांगत होता, सुनंदा सगळ्यांना चकल्या वाटत होती, आणि लोक मिनिव्हॅनशी हस्तांदोलन करायचेच काय ते बाकी होते.

शेवटी फोटो काढायचं ठरलं. बाईंनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि नम्रपणे सांगितलं, “ती लाल गाडी तेवढी फोटोत येऊ देऊ नका.”