दोन पिवळ्या गाड्या

मिस्त्रींबद्दल मी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. अकरा वर्षं त्यांच्या शेडसमोर राहिलो, पण त्यांचं गाव कोणतं, घरी कोण कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारायचा धीर झाला नाही.

ते जुन्या, तऱ्हेवाईक गाड्या विकत. तीन चाकी मोटार, कपाटासारखं समोरून दार उघडणारी मोटार, असल्याच. किंमत नव्या स्कूटरपेक्षा कमी. मात्र प्रत्येक काचेमागे पाटी असायची आणि तिच्यावर फक्त त्या गाडीतले दोष. गुण गिऱ्हाईकाने आपले आपण शोधावेत, असं त्यांचं म्हणणं. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, अक्षर बरं, म्हणून पाट्या रंगवण्याचं काम माझ्याकडे आलं. सकाळी त्या लावायच्याही मीच.

एकदा दोन पिवळ्या तीनचाकी गाड्या शेजारी उभ्या होत्या. एकीची पाटी, ‘हॉर्न वाजत नाही.’ दुसरीची, ‘ब्रेक लागत नाहीत. ढकलत न्यावी.’ मिस्त्री सुटे भाग आणायला गेले होते. दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या, हॉर्नवाली पाटी वाचून म्हणाल्या, ‘‘हॉर्न नसला तर नसू दे, तोंड आहे मला!’’ मी किल्ली दिली.

मिस्त्री परतले. उरलेल्या गाडीत बसून त्यांनी सहज ब्रेक दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘मास्तर, हिचे ब्रेक उत्तम आहेत हो.’’

सकाळी लावताना माझ्याच हातून दोन पाट्यांची अदलाबदल झाली होती. बाईंचं घर उताराखाली, बाजाराच्या तोंडाशी. मिस्त्रींनी स्कूटर काढली, मी मागे बसलो.

उताराच्या अलीकडच्या गल्लीत गाडी उभी होती. बाई फुटपाथवर, कमरेवर हात ठेवून.

‘‘कुत्रं आडवं आलं म्हणून सवयीने हॉर्न दाबला, तर वाजला! म्हटलं, मिस्त्रींची पाटी खोटी कशी असेल? ही पाटी हिची नाहीच. मग शेजारचीवर काय लिहिलं होतं ते आठवलं. हँडब्रेक ओढला तो अजून सोडलेला नाही.’’

मिस्त्री मटकन फुटपाथवर बसले. दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि हसायलाच लागले. ‘‘बाई, चांगला हॉर्न ऐकून घाबरलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहतोय!’’ मलाही हसू आलं. डोळे मात्र भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी ब्रश परत करायला गेलो. त्यांनी घेतला नाही. ‘‘चूक झाली म्हणून शाळा सोडली होती का तुम्ही?’’ इतकंच म्हणाले. त्यानंतर एक नियम झाला. मी पाटी मोठ्याने वाचायची, त्यांनी गाडीत बसून तपासायची, मगच लावायची.

परवा रविवारीही तसंच झालं. सोमवारी ते झोपेतच गेले.

‘‘दार एकच, तेही आतून उघडत नाही,’’ रविवारी मी वाचलं.

त्यांनी आतून दार ढकलून पाहिलं. ‘‘नाही उघडत. लावा.’’

‘‘मग तुम्ही बाहेर कसे येणार?’’

‘‘तुम्ही उघडा की, मास्तर.’’

मी उघडलं.